गौरीची पावलं

गौरीसाठी बन्नूरहून म्हैसूरला माहेरी आलेली वनजा विसर्जनाच्या दिवशी सासरी परत निघणार होती. तिच्या पाठीवरचे वळ सरस्वतीबाईंनी पाहिले होते, पण लेकीला जाऊ नको म्हणायची सोय नव्हती.

त्यांच्या घरात गौर म्हणजे मुळांसकट आणलेला तेरडा. ती मुळं म्हणजेच गौरीची पावलं. दरवर्षी तो तळ्यात सोडायचा. यंदा सरस्वतीबाईंनी तो गुपचूप कुंडीत लावला, माती घट्ट दाबली आणि म्हणाल्या, "राहा आता इथंच."

बसची वेळ झाली. पिशवी घेऊन वनजा उंबऱ्याशीच अडली.

"आई, पाऊल बाहेर पडतच नाही गं."

"मग नको जाऊ."

सरस्वतीबाई रोज न चुकता कुंडीला पाणी घालू लागल्या. तेरड्याला नव्या कळ्या आल्या. वनजाच्या गालांवर रंग चढला.

एक दिवस शेजारच्या शांताक्का कुंपणावरून डोकावल्या.

"अय्यो, तेरडा कुणी कुंडीत लावतं का? कितीही पाणी घाला, दसरा काही बघायचा नाही तो."

आतून वनजाची हाक आली, "आई, पाणी दे गं थोडं."