फवारणीचा सल्ला

कंपनीच्या साहेबानं मिरचीचं करपलेलं पान माझ्या काउंटरवर ठेवलं, तेव्हा मी आधी रस्त्यापलीकडे पाहिलं. त्याच्या काचेच्या दुकानात, गार हवेत, सर्जेराव थोरवे मान खाली घालून बसला होता.

सर्जेराव माझं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. रोगट पान रुमालात बांधून आणायचा आणि औषधही माझ्याकडूनच न्यायचा. या परदेशी कंपनीनं समोर दुकान थाटल्यापासून तो पान मला दाखवायचा आणि औषध तिकडून घ्यायचा. पुढे पान दाखवणंही बंद झालं. तिकडे म्हणे मशीन नुसता फोटो बघून रोग सांगतं!

"मग मशीननं काय सांगितलं?" मी साहेबाला विचारलं.

"तीन रोग सांगितले, काका. तिन्हींची औषधं एकत्र करून मारायला दिली. पानं अजूनच करपली."

मी पान उलटून पाहिलं, चुरगळून वास घेतला. "नवी फूट कशी आहे?"

"स्वच्छ आहे."

"रोग असता तर नवी पानं सुटली असती का? तुमच्याच औषधांनी झाड भाजलंय."

साहेबाचं तोंड उतरलं. दहा देशांत दुकानं असलेली कंपनी माझ्या मोडक्या स्टुलावर बसली. "मग आता काय मारायला सांगू?"

"साधं पाणी."

त्यानं घाईघाईनं मोबाइल काढला, लिहून घेतलं आणि विचारलं, "पंपाला किती मिली टाकायचं?"