कॉलरवाली

नोकरी गेलेल्या परदेशी बाईलाही दाद मागता येते, असं कुणीतरी सांगितलं म्हणून कॉलरवाली धीर करून कामगार कचेरीत आली. एकटीच. शिवणकारखान्यात जिचं जे काम, तेच तिचं नाव. आणि सगळ्याजणींचे व्हिसा मालकाच्या मुठीत. "आम्हाला यात ओढू नकोस गं बाई," असं मैत्रिणींनी हात जोडून सांगितलं होतं.

"का काढलं?" साहेबांनी विचारलं.

"मशीनवरच चक्कर येऊन पडले..." कॉलरवाली सांगू लागली.

"पडली, कारण पंखे बंद ठेवले होते," मागून आवाज आला. दारात बाहीवाली उभी होती.

"पाणी मागितलं तर मुकादम अंगावर धावून आला," तिच्या मागून काजवाली म्हणाली.

"आणि दुसऱ्या दिवशी हिला गेटवरूनच हाकललं," बटणवालीने शेवट केला.

"तुमची आत्ता ड्यूटी असेल ना?" साहेबांनी चष्मा काढला.

"मशीन बंद करून आलोय."

कॉलरवाली डोळे विस्फारून बघत राहिली. कॉलर जोडायची आणि कापड पुढच्या बाईकडे सरकवायचं, एवढंच तिने इतकी वर्षं केलं होतं. अख्खा शर्ट तयार होताना ती आज पहिल्यांदाच बघत होती.