तिसरी कोळंबी

हरेशच्या धसईच्या घरातल्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत आज तिसरी कोळंबी उलटी पडली. त्याने मीठ मोजलं, अमोनिया तपासला. सगळं ठीक होतं. घाबरून त्याने कल्याणच्या दुकानदाराला फोन लावला.

"तांब्याचं काही पडलंय का टाकीत? वायर, नाणं? तांबं पाण्यात उतरलं की कोळंबी मरते."

हरेशने कोपरापर्यंत हात घालून सगळी वाळू चाळली. काहीच सापडलं नाही. उरलेली एक कोळंबी काचेला चिकटून थरथरत होती.

"सरक रे जरा. पाणी आटलंय, भर घालते."

त्याने वळून पाहिलं. आईच्या कमरेवर कळशी होती, चिंचेने घासून लख्ख केलेली, तांब्याची.

"आये, तू रोज हे घालतेस?"

"मग? रातभर ठेवलेलं चांगलं पाणी हाय. ह्या आजारी पडल्या तवापासून दोनदा घालते."

"तुला कोणी सांगितलं होतं?" त्याचा आवाज चढला.

आई बावरली. तिने कळशी पोटाशी धरली.

"तुमी सगळे फिल्टरचं पिता. माझं पाणी एवढ्या ह्याच पितात."