फळ्यावरचं आठवं नाव

“लाइनबॅकर म्हणजे बटकस,” सॅल म्हणाला आणि त्यानं ग्लास टेबलावर आपटला. “त्याच्या अंगावर चेंडू घेऊन जायचं म्हणजे आधी आईला पत्र लिहून ठेवायचं.”

“आणि आयुष्यात एक अजिंक्यपद नाही बिचाऱ्याला,” ओटिस म्हणाला. “आपल्या लॅम्बर्टकडे चार आहेत. तेही पुढचे दात नसताना.”

“संघ भिकार होता. त्यात त्याचा काय दोष?”

“बरं, मग टेलर घे.”

“न्यूयॉर्कच्या संघातला? या खोऱ्यात बसून? लुसिल, याची बिअर बंद कर!”

लुसिल हसली नाही. आपल्या बारच्या गल्ल्यामागे उभी राहून ती तोच ग्लास पुन्हा पुन्हा पुसत होती. चर्च सुटलं होतं, टीव्हीवरच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याला अजून तासभर होता. तव्यावर कांदा परतल्याचा वास दुकानभर पसरला होता. बाहेर नदी गढूळ, नदीवरचं आभाळ गढूळ, आणि काठावर पोलादाच्या बंद कारखान्याची धुराडी थंड उभी.

“तुम्ही मायलोला विसरताय,” कोपऱ्यातून वॉरन म्हणाला.

दोघा म्हाताऱ्यांनी लुसिलकडे पाहिलं. मायलो हुदाक, लुसिलचा धाकटा भाऊ. चेंडू घेऊन येणाऱ्याला आडवं पाडणारा, खोऱ्यात जन्मलेला सगळ्यात जबर लाइनबॅकर, असं त्याला पाहिलेला प्रत्येकजण म्हणे. पण पाहिलं होतं ते एकदाच. विसाव्या वर्षी कॉलेजच्या संघातून तो पहिला सामना खेळला, आणि तोच शेवटचा ठरला. शेवटच्या मिनिटांत माणसांचा ढीग पडला. ढीग उठला, मायलो उठला नाही. मान मोडली होती. कोणाच्या भारानं, ते कधीच कळलं नाही. त्या दिवशीच्या चिखलात दोन्ही संघांचे कपडे एकाच रंगाचे झाले होते. त्याला चाळीस वर्षं झाली. तेव्हापासून मायलोची खाट आणि मायलोची खिडकी.

“नर्स काय म्हणाली?” सॅलनं हळूच विचारलं.

“बुधवारपर्यंत,” लुसिल म्हणाली. “फार तर.”

तिच्या मागे भिंतीवर काळा फळा होता. त्यावर पांढऱ्या रंगात सात नावं. टीव्हीवरच्या मोठ्या खेळाडूंबद्दल कोणी कितीही भांडो, फळा फक्त खोऱ्यातल्या लाइनबॅकरांचा. नियम तिच्या बापानं घातलेला: नाव चढवायचं तर ज्याला त्या गड्यानं मैदानात आडवं केलं, त्यानं इथं येऊन आपल्या तोंडानं सांगायचं. दोस्तांची साक्ष चालत नाही, घरच्यांची तर नाहीच.

मायलोनं आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं. काल मात्र तो वॉरनला म्हणाला होता, “फळ्याचा फोटो आण. माझं नाव असलं तरच आण.”

“लिहून टाक गं,” ओटिस म्हणाला. “कोण बघायला बसलंय?”

“तो बघेल,” लुसिल म्हणाली. “पहिलं काय विचारेल माहितेय? साक्ष कोणाची? आणि दयेनं लिहिलंय असं वाटलं तर तोंड फिरवेल. तेवढंच फिरवता येतं त्याला.” तिनं ग्लास ठेवला. “समोरच्या संघातल्या ज्यांचे पत्ते मिळाले, त्या एकेकाला पत्रं लिहिली मी. एकाचंही उत्तर नाही. त्या सामन्याबद्दल बोलायचंच नाही कोणाला.”

वॉरननं मान खाली घातली. नऊ वर्षांपूर्वी तो या गावात आला, शाळेची बस चालवू लागला, आणि चर्चमधून आजाऱ्यांची यादी घेऊन एका संध्याकाळी मायलोच्या दारात उभा राहिला. तेव्हापासून एक संध्याकाळ चुकली नाही. तो मायलोची दाढी करी, त्याला कुशीवर वळवी, खेळाचं पान मोठ्यानं वाची. ‘देवानं मला भाऊ दिला, पण फार उशिरा पाठवला,’ असं मायलो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

“जाऊन बस त्याच्याजवळ,” लुसिल त्याला म्हणाली. “सांग, फळा रंगवायला काढलाय. काहीही सांग. तुझ्यावर विश्वास आहे त्याचा.”

वॉरन उठला. टोपी हातात घेतली. दाराकडे मात्र गेला नाही.

“रंग काढ, लुसिल.”

“वॉरन, नियम—”

“त्यानं मला तीनदा आडवं केलं.”

सॅलचा ग्लास अर्ध्यावर थांबला. “तू? तू खेळायचास?”

“समोरच्या संघात होतो. पहिल्यांदा श्वास गेला. दुसऱ्यांदा खांदा निखळला, बाहेर जाऊन बसवून आलो. तिसऱ्यांदा दोन दात गेले.” त्याचा आवाज सपाट होता. “मी पुढं पाच वर्षं खेळलो. तसा गडी परत पाहिला नाही. बटकस असो नाहीतर लॅम्बर्ट, त्यांच्या शेजारी उभा राहिला असता तो.”

लुसिल मागे वळली. तिनं फळ्याखालचा डबा उघडला, ब्रश बुडवला. अक्षरं सरळ आली. मायलो हुदाक. मग ती वळली, आणि चाळीस वर्षांत कोणी पाहिली नव्हती तशी रडत रडत हसली.

“नऊ वर्षं, गाढवा! नऊ वर्षं गप्प बसलास? अरे, त्याला केवढा आनंद झाला असता!”

ओटिसनं वॉरनच्या पाठीवर थाप मारली. “तीनदाच होय रे? चौथ्यांदा काय केलंस, पळालास?”

वॉरन ओल्या अक्षरांकडे बघत राहिला.

“चौथ्यांदा खेळ थांबल्याची शिट्टी झाली होती,” तो म्हणाला. “सगळे थांबले होते. तो ढिगाखाली पडलेला होता, मान उघडी होती. मी लांबून धावत आलो.”