सोमवारचा सामना

स्टेडियमच्या बंद फाटकावर कागद चिकटवला होता. बंदोबस्त न मिळाल्यानं आजचा सामना उद्या, सोमवारी संध्याकाळी होणार होता.

कोल्हापूरहून पुण्याला आलेले दिनकरराव तो कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिले. त्यांचा मुलगा इंद्रजित व्यावसायिक संघाकडून पहिल्यांदाच गोलकीपर म्हणून उतरणार होता.

"काका, हेच तिकीट उद्या चालेल," सुरक्षारक्षक म्हणाला.

पण सोमवारी सकाळी दिनकररावांचं कोल्हापुरात डायलिसिस होतं. त्यांच्या पत्नीनं, शालननं, पुण्यातल्या चार हॉस्पिटलांत फोन लावले. कुठंच मशीन रिकामं नव्हतं.

"चला घरी," ती म्हणाली.

"शालन, बारा वर्षं त्याला गोलात उभं करून चेंडू मारलेत मी. एक दिवस उशीर झाला तर काय बिघडतंय?"

त्यांच्या चेहऱ्याकडं बघून तिला नाही म्हणवेना.

सोमवारी इंद्रजितनं पेनल्टी अडवली, तेव्हा ते उभे राहून ओरडले. परतताना कराडच्या अलीकडं त्यांना धाप लागली. हॉस्पिटल येईपर्यंत सगळं संपलं होतं.

"आई, तू त्यांना थांबू कसं दिलंस?" घरी पोचताच इंद्रजितनं विचारलं.

"तुझा खेळ बघितला रे त्यांनी."

तो तिच्याकडं न बघताच आत निघून गेला.