कचऱ्याचा प्रकार

सगळ्या जिल्ह्यांच्या जमिनींची माहिती गोळा करून राज्याचा एकच नकाशा बनवायचं काम तिच्याकडे होतं. जिल्ह्याजिल्ह्यांत जमिनींचे प्रकार वेगळे, म्हणून प्रत्येक भूखंड वरून ठरवून दिलेल्या दहा प्रकारांत बसवायचा होता. एक भूखंड अडला. तो तिच्या माहेरच्या घरामागचा कचरा डेपो होता. तिथे भर उन्हाळ्यातही खिडक्या लावून, ताटावरच्या माश्या हाकलत जेवावं लागायचं.

"साहेब, दहांत कचऱ्याला प्रकारच नाही. अकरावा वाढवू या?"

"आता नवीन फाटे फोडू नका. झुडपं उगवलीत ना त्यावर? मग 'बागबगीचे'मध्ये टाका."

तिला शिसारी आली. तिने साफ नकार दिला, तेव्हा साहेबांनीच तो भूखंड हिरवा केला आणि नकाशा राज्यभर लागू झाला.

काही दिवसांनी दादाचा फोन आला. दुर्गंधीने वहिनीला उलट्या होत होत्या, म्हणून तो पालिकेत तक्रार करायला गेला होता.

"मग, काय म्हणाले?" तिने विचारलं.



"त्यांनी नकाशा बघितला, आणि घरामागच्या बागेत कचरा टाकला म्हणून मलाच दंड ठोकला."