जाहिरात लागली की

संघमित्रा दारात आली तेव्हा टीव्हीवर एक बाई भांडी घासायचा साबण दाखवत होती. आवाज बंद होता.

"बाबा, हे काय? जाहिराती?"

"हौ," वसंता म्हणाला. तो पलंगावर बसला होता, रिमोट हातातच होता.

ती गोंदियाहून आली होती. बालाघाटला आली की बापासाठी सांभारवडीचा डबा आणायचा, हे आई गेल्यापासून तिनं लावून घेतलं होतं. डबा टेबलावर ठेवून ती पडद्याकडे पाहत उभीच राहिली. शेजारच्या चंपाबाई जमिनीवर बसून लसूण सोलत होत्या. या मालिकेच्या वेळेला त्या रोज येत.

"भाव वाढवले पोरी त्या ॲपवाल्याइनं," चंपाबाई म्हणाल्या. "मंग तुह्या बापानं स्वस्तातलं घेतलं. पहिले म्हणे, जाहिराती नको असतीन तं पैसे द्या. आता पैसेही द्या अन् साबणही पाहा. गजब है बाप्पा!"

"लूट आहे पूरी," संघमित्रा म्हणाली. "माह्या घरी पण तेच. एक मेसेज टाकतेत, भाव वाढला म्हणून, अन् झालं. आपल्याले विचारते कोण? पण म्हणून तुम्ही असं तुकड्या-तुकड्यानं पाहसान का, बाबा? वरचे पैसे मी भरीन."

"राहू दे."

"काहून राहू दे? पेन्शन पुरत नाई का?"

"पुरते."

"मंग?"

मालिका पुन्हा सुरू झाली. वसंतानं आवाज सुरू केला आणि तिकडे पाहत बसला.

मुलगी आपल्याला चिकट समजते आहे, हे त्याला कळत होतं. समजू दे, असं त्यानं ठरवलं होतं. खरं कारण सांगण्यापेक्षा ते बरं होतं. बायकोच्या, कमलाच्या साठीला संघमित्रानंच हे ॲप टीव्हीला जोडून दिलं होतं, बिनजाहिरातीचं. आईले मधातच थांबावं नाई लागन, असं म्हणाली होती. मोठ्या हौसेनं दिलं होतं.

संघमित्रानं पर्समधून मोबाइल काढला. "पासवर्ड माह्यापाशी आहे. आत्ता करून टाकू. आई असती तं एक जाहिरात चालू दिली नसती तिनं."

चंपाबाईंना हसू आलं. "कोण, कमला? अवं, ती तं मले म्हणे, पोरीनं जाहिराती काय बंद केल्या, या माणसाचं तोंडच बंद झालं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! जाहिरात लागली की हे आवाज बंद करत अन् दिवसभराचं सांगत. ती भांडत राहे, हे सांगत राहत. भिंतीपलीकडे मले सगळं ऐकू ये. मालिका लागली की दोघंही चूप. मंग ते जाहिरातीच गेल्या तं..." चंपाबाईंचा हात लसणावर थांबला. "मी आपली गंमत सांगून राह्यली पोरी."

"चंपाबाई, लसूण सोला," वसंता म्हणाला.

पडद्यावर मालिका बोलत होती. कमलाच्या शेवटच्या वर्षी मालिका अशीच सलग बोलत असे. ती संपेपर्यंत कमलाला झोप लागलेली असायची, आणि वसंता उठून दिवा बंद करायचा. उद्या सांगू, असं बरंच काही राहून जायचं. दुसऱ्या कुठल्या वेळी बोलायची त्याला सवय नव्हती.

संघमित्राच्या मोबाइलवर पैसे भरायचं बटण आलं होतं. तिनं ते दाबलं नाही. मान वर न करता ती म्हणाली, "आई मले कधी बोलली नाई हे."

"तुले काहून बोलन?" वसंता म्हणाला. "पोरीनं टीव्ही करून देला म्हणून गल्लीभर सांगत फिरे ती."

"हौ, ते खरं आहे," चंपाबाई घाईघाईनं म्हणाल्या. "माह्या तं कानाले ताप झालता."

पडद्यावर एक गाडी डोंगर चढू लागली. वसंताच्या अंगठ्यानं आपोआप आवाज बंद केला. खोलीत पंख्याची घरघर तेवढी राहिली. त्याची मान डावीकडे वळली. पलंगावर कमलाच्या जागी घडी केलेली चादर होती. तो त्या चादरीकडे पाहत राहिला, मग त्याच्या लक्षात आलं की मुलगी आपल्याकडे पाहते आहे, आणि त्यानं मान सरळ केली.

संघमित्रानं मोबाइल टेबलावर पालथा घातला. चादर उशाशी सरकवली आणि ती तिथं बसली.

"काय झालं मंग आज?" तिनं विचारलं.

"कायचं काय झालं?"

"दिवसभराचं."

वसंतानं घसा खाकरला. गाडी डोंगरावर पोचली होती.

"परसातल्या पपईले फूल आलं," तो म्हणाला. "लांब दांडीचं. नर निघाली ते, फळ नाई लागन. तुह्या आईनं लावतानाच म्हटलं होतं, नर दिसते, उपटून टाका. मी नाई म्हटलं. लय वाजलं होतं आमचं त्याच्यावर."

"मंग आता?"

"आता काय, हारलो. पण सांगू कोणाले? अन् ते टाकी पुन्हा गळून राह्यली. प्रेमलाल नळवाला येतो म्हणे, येत काही नाई. काल गेलतो त्याच्या घरी, तं त्याच्या बायकोनं..."

मालिका सुरू झाली. पडद्यावर सासू पदर तोंडाला लावून रडत होती. तिचे ओठ नुसतेच हलत होते; वसंता सांगतच होता. चंपाबाईंनी वसंताच्या हातातल्या रिमोटकडे एकदा पाहिलं, आणि लसणाचा दुसरा गड्डा फोडायला घेतला.